बिलात 'पोनी' म्हणून लावलेले २४० डॉलर नेमके कशाचे?

सहा_फर्लांग

मंडळी, एका बिलाचा अर्थ लावून हवाय. न्यू जर्सीत राहतो. एका थरोब्रेड (शर्यतीच्या जातीच्या) घोडीत १० टक्के वाटा आहे. घोडी चार वर्षांची, मातीच्या ट्रॅकवर सहा फर्लांग (पाऊण मैल) धावणारी, स्वभावाने तापट. गेल्या महिन्याच्या बिलातल्या तीन ओळी:

ट्रेनिंग, ३० दिवस × ११० = ३३०० डॉलर
पोनी, शर्यतीचा दिवस, २ × ३० = ६० डॉलर
पोनी, सकाळ, ९ × २० = १८० डॉलर

नालबंद आणि डॉक्टर वेगळे. माझ्या वाट्याला पोनीचे २४ डॉलरच येतात, त्यामुळे रड नाही. पण पुऱ्या घोडीमागे २४० म्हणजे ट्रेनिंगच्या रकमेच्या सात टक्क्यांवर गेले. मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर सईस घोडा धरून आणतो, ट्रॅकवर सोडतो आणि जॉकी त्याला कँटर करत (हलक्या दौडीने) स्टार्टला नेतो. मध्ये दुसरा घोडा नसतो. मग इथे हा पोनी करतो काय, नाही घेतला तर काय बिघडतं, आणि सकाळी नऊ वेळा कशाला लागला? जाणकारांनी सांगावं.

पागेकर

आधी शब्दाचा घोळ मिटवू. इथला पोनी म्हणजे तट्टू नव्हे. जो घोडा शर्यतीत नाही पण ट्रॅकवर कामाला आहे, त्याला सरसकट पोनी म्हणतात. बहुतेक क्वार्टर हॉर्स (गुरं हाकायच्या कामाची अमेरिकन जात), नाहीतर क्वार्टर आणि थरोब्रेडचा संकर, नाहीतर शर्यती सोडलेला थरोब्रेडच. उंची १५ ते १६ हात (घोड्याचा हात म्हणजे ४ इंच). लाव्हा मॅन हा ५० हजार डॉलरला क्लेम झालेला, म्हणजे शर्यतीतूनच ठरल्या भावाने विकला गेलेला घोडा. त्याने हॉलिवूड गोल्ड कप २००५, २००६ आणि २००७ असा लागोपाठ मारला, ५० लाख डॉलरहून जास्त कमावले आणि मग पोनी झाला. २०१२ ची केंटकी डर्बी जिंकणाऱ्या आय'ल हॅव अनदर या घोड्याला स्टार्टच्या गेटपर्यंत नेणारा पोनी तोच. २००३ चा डर्बी विजेता फनी साइडही निवृत्तीनंतर आपल्याच ट्रेनरकडे पोनी होता. तेव्हा कमअस्सल जनावर असं समजू नका.

दुसरा घोळ म्हणजे आउटरायडर आणि पोनीवाला. आउटरायडर ट्रॅकचा पगारी माणूस. शर्यतीआधीच्या परेडच्या पुढे तो असतो, सुटलेला घोडा पकडायचा तो. त्याचं बिल तुम्हाला येत नाही. २०२२ च्या डर्बीनंतर जिंकलेला घोडा रिच स्ट्राइक ज्याला आणि ज्याच्या घोड्याला चावत सुटला होता, तो आउटरायडर. पोनीवाला मात्र बहुधा स्वतःचे घोडे बाळगणारा, दर घोड्यामागे पैसे घेणारा. तुमचे ३० त्याचे.

आता शर्यतीच्या दिवशी काय होतं ते. पॅडॉकमध्ये (शर्यतीआधी घोडे तयार करायच्या जागेत) खोगीर चढतं, जॉकी वर बसतो, सईस घोडीला ट्रॅकच्या तोंडाशी आणतो. पोनी तिथे स्थिर उभा हवा. घोडी त्याच्या उजव्या अंगाला येते. पोनीवाल्याच्या डाव्या हातात स्वतःचा लगाम, उजव्या हातात चामड्याचा पट्टा. हा पट्टा घोडीच्या बिटाच्या (तोंडातल्या लोखंडी दांडीच्या) डाव्या कडीतून ओवायचा, दुहेरी करायचा आणि दोन्ही टोकं एकाच मुठीत धरायची. एक टोक सोडलं की पट्टा सरकन निघून येतो आणि घोडी मोकळी. गाठ नाही, बक्कल नाही, हूक तर नाहीच. मग स्टँडसमोरून परेड, वळून दुडकी, थोडा हलका कँटर, आणि गेटच्या मागे गोल फिरवत ठेवणं. सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटं. गेटवरचा असिस्टंट स्टार्टर घोडी ताब्यात घेतो आणि पोनी बाजूला होतो.

एक हात कायम अडकलेला, म्हणून पोनी मानेवर टेकवलेल्या लगामाने वळणारा लागतो. दोन हातांनी हाकावा लागणारा घोडा इथे निरुपयोगी, मग तो कितीही शांत असो.

नाही घेतला तर काय बिघडतं? तापट घोडी परेडमध्येच घामाघूम होते, तिला आवरताना जॉकीचे हात आखडतात, आणि शर्यतीसाठी ठेवलेला दम स्टँडसमोर संपतो. जॉकीला पाडून ती मैलभर उधळली तर स्ट्यूअर्ड (शर्यतीचे पंच) आणि डॉक्टर मिळून तिला शर्यतीतून काढतात. बेटिंगवाल्यांचे पैसे परत मिळतात, तुमचे नाही. महिनाभराचं ट्रेनिंग गेलं, आणि तिच्या अटीत बसणारी पुढची शर्यत कधी लागेल ती लागेल. हरलेल्या जॉकीची फीसुद्धा ३० हून बरीच जास्त असते. त्या ६० डॉलरांवर वाद घालू नका.

खरारा

पागेकरांशी शर्यतीच्या दिवसाबद्दल सहमत. पण त्या बिलातली बघण्यासारखी ओळ सकाळची आहे.

सकाळी 'पोनी' या एकाच शब्दाखाली दोन वेगळी कामं येतात. पहिलं, घोडीवर रायडर आहे आणि पोनी फक्त सोबतीला: गेटची सवय लावायला, किंवा ती ट्रॅकवर पळ काढते म्हणून. दुसरं, घोडीवर कोणीच नाही, पोनीवाला तिला रिकामी पळवतो. बिलात दोन्ही २० डॉलरच दिसतात, पण अर्थ पार वेगळा.

रिकामी पळवण्याला खरी किंमत कधी? शर्यतीनंतर पहिले दोन-तीन दिवस घोडा पागेतच चालवतात. मग पाठीवर ५५-६० किलो न टाकता पाय मोकळे करायचे असतात, तेव्हा एक-दीड मैल दुडकी पोनीबरोबर. खोगिराखाली पाठ सोललीय, पण पायांना काही नाही, तेव्हाही. लांब विश्रांतीनंतरचा पहिला आठवडा, तेव्हाही. असे दिवस महिन्याला चार-पाच निघाले तर पैसे सत्कारणी लागले म्हणा.

पण रायडरच्या कामाची जागा हे घेऊ शकत नाही. रिकाम्या घोड्याची पाठ आणि पुठ्ठे तसे तयार होत नाहीत, कारण वजन पेलून तोल सावरण्याचं काम त्याला करावंच लागत नाही. शिवाय तो कायम पोनीच्या उजव्या अंगाला, म्हणजे मान कायम डावीकडे झुकलेली. रोज तेच केलं तर एका बाजूने आखडलेला घोडा मिळतो. आणि वेग पोनीचा. जोराचं काम, म्हणजे वेगाने पळवण्याचा सराव, पोनीबरोबर होत नाही, झालंच तर दमतो पोनी.

रिकाम्या घोडीला धरायची पद्धतही निराळी. तोंडात बिट असलं तरी धरायचं मोहरकीला, साखळी नाकावरून घेऊन. नुसत्या बिटाच्या कडीला धरून सकाळी मैलभर नेलं तर ओठाचा कोपरा सोलतो, आणि ते शर्यतीच्या दिवशी कळतं, घोडी डोकं फेकायला लागते तेव्हा. घोडीचं डोकं पोनीवाल्याच्या गुडघ्यापाशी हवं. पुढे गेली तर ती पोनीला ओढते. मागे राहिली तर पट्टा पोनीच्या पुठ्ठ्यावर घासतो आणि गरीब पोनीही लाथ झाडतो.

तुमच्यासाठी मुद्द्याची गोष्ट अशी. रोजच्या ११० डॉलरमध्ये व्यायाम करवणाऱ्या रायडरचा पगार बहुतेक ट्रेनरकडे धरलेलाच असतो. बाहेरचा पोनीवाला मात्र वेगळा लावतात. म्हणजे ज्या सकाळी घोडी रिकामी पळाली, त्या सकाळी ट्रेनरचा रायडर वाचला आणि तुमचे २० वाढले. त्यात लबाडी असेलच असं नाही, पण ट्रेनिंगचा तक्ता मागा आणि नऊ तारखांसमोर कारण लिहून घ्या.

रेलजवळचा

थोडं उलट बोलतो. पोनीचा भुर्दंड मालकापुरता नाही, तो पैसे लावणाऱ्यालाही बसतो. रेलजवळ, म्हणजे ट्रॅकच्या कठड्याशी, उभं राहून घोडा कसा चालतोय ते बघायचं, तर समोर आडवा पोनी आणि त्यावर धिप्पाड माणूस. घोड्याची मान पोनीच्या मानेवर टेकलेली, डोकं ओढून डावीकडे. दुखऱ्या पायावर भार येताना जी मान हलते, ती हललेली दिसतच नाही. परेडमध्ये सरकारी डॉक्टर घोड्यांची चाल बघत असतात, त्यांनाही हेच दृश्य. पोनीवाल्याने दुडकीच्या वेळी पट्टा ढिला सोडला तर निम्मा प्रश्न सुटेल, पण सगळे सोडत नाहीत.

आणि सगळ्या जगाला पोनी लागत नाही, हेही लक्षात घ्या. इंग्लंड-आयर्लंडमध्ये सईसाच्या हातातल्या लीड रेनवरून (दोरीवरून) सुटला की घोडा आपला आपण स्टार्टला जातो. कारण रक्तात नाही, रोजच्या सवयीत आहे. न्यूमार्केटचे घोडे सकाळी रांगेने, एकामागे एक, मोकळ्या मैदानावर तासभर बाहेर असतात. वाटेत रस्ते, मोटारी, दुसऱ्या पागांच्या रांगा. अमेरिकेतला घोडा वीस-पंचवीस मिनिटं ट्रॅकवर आणि उरलेला दिवस खणात (पागेतल्या एका घोड्याच्या खोलीत). त्याला दुपारी एकदम लाउडस्पीकर आणि गर्दीसमोर आणलं की आधार लागणारच. तेव्हा हे ३० डॉलर काही अंशी त्या तेवीस तासांच्या कोंडीचे आहेत, असं माझं मत.

पागेकर

@रेलजवळचा, मत पटलं, पण आज संध्याकाळच्या शर्यतीला त्याचा उपयोग नाही 🙂 पट्टा घट्ट धरण्याबद्दल मात्र शंभर टक्के बरोबर, आणि त्याचं नुकसान नुसतं बघणाऱ्यांचं नाही. घट्ट ओढलेली घोडी पोनीवर रेलते, पुढचे पाय एकमेकांवर टाकते, आणि जॉकीचा डावा पाय दोन घोड्यांच्या मध्ये चेपतो. पोनीवाल्याची उजवी रकाब जॉकीच्या पायात अडकली तर दोघेही खाली. घोडी मागच्या पायांवर उभी राहिली तर तिचे पुढचे खूर थेट पोनीवाल्याच्या मांडीवर येतात. म्हणून तर बिटाच्या कडीत पट्टा ओवलेलाच हवा, अडकवलेला नको. ती उभी राहायला लागली की सोडायचंच. धरून ठेवली तर उलटी मागे पडते.

खोगिराचंही तसंच. इथे मूठवालं वेस्टर्न खोगीर वापरतात. ओढ सगळी उजवीकडून येते, त्यामुळे तंग कितीही आवळला तरी खोगीर फिरतं. छातीवरचा पट्टा आणि मागचा दुसरा तंग असेल तर फिरत नाही. खोगिराच्या मुठीला दोरी बांधून घोडी नेणारा माणूस दिसला तर दुसरा शोधा, तो गुरं हाकायच्या सवयीने आलाय.

हेल्मेट आणि छातीचं जाकीट तर आता वादाबाहेर. जुलै २०२२ पासून हिसाचे (HISA, अमेरिकेतल्या घोडशर्यतींची राष्ट्रीय नियामक संस्था) सुरक्षा नियम लागू आहेत, त्यात ट्रॅकच्या आवारात घोड्यावर बसणारा प्रत्येक जण येतो, पोनीवालाही.

अडीच_पाव_ओट

कुणी पोनीवाल्याच्या बाजूनेही हिशेब मांडा ना. ३० जास्त वाटतात, पण एका शर्यतीत तो एकच घोडा नेऊ शकतो. नऊ घोड्यांच्या शर्यतीला नऊ पोनीवाले लागतात, त्यामुळे घाऊक भाव असा प्रकारच नाही. आठ शर्यतींच्या दिवशी सात घोडे मिळाले तर ७ × ३० = २१० डॉलर, तेही शर्यतीचे दिवस आठवड्यातून तीन-चार असतील तर. त्यासाठी निदान दोन पोनी, कारण एकच घोडा सकाळी पाच-सहापासून दुपारच्या शेवटच्या शर्यतीपर्यंत वापरला तर पंधरवड्यात त्याची पाठ धरते.

खर्च बघा. ५०० किलोच्या घोड्याला वजनाच्या दीड ते दोन टक्के म्हणजे रोज साडेसात ते दहा किलो गवत, कामाच्या दिवशी वर दाणा. नाल पाच-सहा आठवड्यांनी. पागेत घ्यायला कॉगिन्स चाचणी (घोड्यांच्या एका संसर्गजन्य रोगासाठीची रक्तचाचणी) आणि लशींचे कागद. सीझन बंद झाला तरी पोनी खायचं थांबवत नाही. तयार, विश्वासू पोनी काही हजार डॉलरच्या खाली मिळत नाही. निवृत्त थरोब्रेड जवळजवळ फुकट मिळतो खरा, पण दुसरा घोडा शेजारी आला की 'आता धावायचं' हे त्याच्या डोक्यातून काढायला कित्येक महिने जातात, आणि काहींच्या डोक्यातून ते जातच नाही. घेताना शक्यतो खच्ची केलेलाच घ्यावा. घोडी माजावर आली की शेजारचे नर हाताबाहेर जातात.

पोनीची मान जवळून बघितलीत तर उजव्या बाजूला आयाळीच्या खाली केस गेलेले गोल चट्टे दिसतील. ती तुमच्या तापट घोड्यांच्या दातांची सही.

ट्रेनरचा स्वतःचा पोनी असेल तर प्रश्न वेगळा. तिथे महाग गोष्ट गवत नाही, खण आहे. ट्रॅक प्रत्येक ट्रेनरला मोजके खण देतो, आणि देताना त्याचे घोडे किती वेळा धावतात हे बघतो. एक खण पोनीला गेला म्हणजे रोज ११० देणारा एक घोडा कमी. म्हणून आठ-दहा घोड्यांचा ट्रेनर बाहेरचा पोनी लावतो. तीस-चाळीस घोडे असतील तर स्वतःचा परवडतो, आणि तो ट्रेनर सकाळी त्याच पोनीवर बसून आपले घोडे जवळून बघतो. माझ्या मते पोनीचा सगळ्यात मोठा उपयोग हाच, आणि तो कुठल्याच बिलात येत नाही.

सहा_फर्लांग

सगळ्यांचे आभार, विशेषतः खरारा यांचे. तक्ता मागितला, दोन तासांत आला. नऊपैकी तीन वेळा शर्यतीनंतरच्या आठवड्यात रिकामी दुडकी. दोन वेळा गेटच्या सवयीला, रायडरसकट. उरलेल्या चार सलग सकाळी, रिकामी, आणि समोर शेरा: 'रायडर उपलब्ध नव्हता'. यावर काय बोलावं? आणखी एक: पुढच्या वेळी तिला ब्लिंकर्स (डोळ्यांच्या बाजूची झापडं) लावणार म्हणतात. पोनीबरोबर त्याने काही फरक पडतो का?

खरारा

पहिले पाच ठीक. चारचे ८० डॉलर बोलण्यासारखे आहेत, आणि भांडायची गरज नाही. सरळ विचारा: 'रोजच्या दरात रायडर धरलाय का? धरला असेल तर ज्या दिवशी तो नव्हता त्या दिवसाचा पोनी पागेच्या खर्चात घ्याल का?' बरेच ट्रेनर मान्य करतात, कारण आकडा छोटा आणि प्रश्न वाजवी. पण पैशांपेक्षा दुसरं विचारा. शर्यत तोंडावर असताना घोडी चार दिवस वजनाशिवाय पळाली, तर पुढचं जोराचं काम ठरल्या दिवशीच केलं का पुढे ढकललं? ढकललं नसेल तर ती काळजी ८० डॉलरहून मोठी. आणि तुमच्या भागीदारीच्या व्यवस्थापकामार्फतच विचारा. दहा भागीदारांनी दहा फोन केले की कुठलाही ट्रेनर कंटाळतो.

पागेकर

ब्लिंकर्सने पडतो, चांगलाच पडतो. डाव्या डोळ्यामागचं दिसत नाही, आणि पोनी उभा डावीकडेच. मागून आला तर तिच्या लेखी तो आकाशातून पडला. म्हणून ट्रॅकच्या तोंडाशी सईसाने तिला आधी थांबवायचं, पोनी तिच्या समोरून, तिला दिसेल असा आणून मग डाव्या अंगाला लावायचा, आणि पट्टा ओवायच्या आधी पोनीवाल्याने तोंडाने आवाज देऊन मानेवर हात ठेवायचा. एक-दोन सकाळी ब्लिंकर्स घालून पोनीबरोबर नेली की दुपारी त्रास होत नाही. पुढच्या महिन्यात त्यासाठी २० च्या दोन ओळी दिसल्या तर त्या निमूट भरा.

सहा_फर्लांग

व्यवस्थापकाला कळवलं. रायडर दरात धरलेला आहे असं उत्तर आलंय, चारचे ८० पुढच्या बिलात वळते करणार. जोराचं काम तीन दिवस पुढे ढकललं होतं म्हणे. तक्त्यातही तसंच दिसतंय.